मुलांना मजा येते, पण आठवड्याने काहीच आठवत नाही

नमस्कार सर,

मी सहावी ते आठवीला विज्ञान आणि गणित शिकवते. या वर्षी आमच्या शाळेत प्रोजेक्टर आणि इंटरनेट आले आणि मुख्याध्यापकांनी सांगून टाकले, की प्रत्येक तासाला काहीतरी 'डिजिटल' दिसलेच पाहिजे. आजची मुले बघून शिकणारी आहेत, असे त्यांचे म्हणणे. मी मनापासून कामाला लागले. रात्री जागून स्लाइड केल्या, ॲनिमेशनचे व्हिडिओ शोधले, क्विझच्या साइटवर खाती उघडली. मुले खूश असतात, 'मॅडम, आज पण पडदा लावा ना' म्हणून मागे लागतात. पण विद्युत परिपथाचा व्हिडिओ दाखवून आठवडा झाल्यावर साधे प्रश्न विचारले, तर अर्ध्याहून जास्त वर्ग गप्प. 'पहिल्या बल्बमध्ये करंट थोडा संपतो, म्हणून दुसऱ्याला कमी मिळतो' असे उत्तर हुशार मुलांनीही दिले. ऋतूंचेही तेच. इतके सुंदर ॲनिमेशन दाखवले, तरी 'उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते' हे काही डोक्यातून जाईना. शेजारच्या वर्गावरचे ज्येष्ठ सर खडू-फळ्यावरच शिकवतात आणि त्यांच्या मुलांना आमच्यापेक्षा जास्त आठवते. मी साधने चुकीची निवडतेय का? नेमकी कोणती वापरू? आणि रोज प्रत्येक तासाला हे जमणार नाही, हे मुख्याध्यापकांना कसे सांगू?

— स्लाइड करून थकलेली शिक्षिका

नमस्कार मॅडम,

तास रंगला की बहुतेकांचा विषय तिथेच संपतो. तुम्ही आठवड्याने परत जाऊन विचारलेत, आणि नको ते उत्तर आले तेही लपवले नाहीत. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या सवयीतच आहे, ते पुढे येईल.

आधी वर्गात काय होत असावे ते पाहू. चांगला व्हिडिओ बघणाऱ्याला कुठे अडू देत नाही. निवेदक प्रश्न विचारतो, उत्तरही तोच देतो, बाण येतो, रंग बदलतो, दृश्य पुढे सरकते. मुलाला सगळे कळल्यासारखे वाटते. पण 'थांब, हे असे कसे?' असे म्हणायची वेळच त्याच्यावर येत नाही. पहिल्या बल्बमध्ये करंट संपतो, असे मनात धरून बसलेले मूल तेच मनात धरून व्हिडिओ बघते आणि तेच घेऊन उठते. व्हिडिओत त्याच्या समजुतीला कोणी हात लावलेला नसतो, कारण ती समजूत काय आहे हे बनवणाऱ्याला माहीत नव्हते आणि मुलालाही कोणी बोलून दाखवायला लावले नव्हते.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा एक प्रयोग तुमच्या अनुभवाला अगदी चपखल बसतो. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी पुन्हा न वाचता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटले आणि लिहून काढणारे बरेच पुढे गेले. तासाच्या शेवटी मिळणारे 'समजलं का?' 'होऽऽऽ!' हे पाच मिनिटांनंतरचे उत्तर असते. तुम्हाला आठवड्यानंतरचे हवे आहे.

म्हणून माझा मुख्य सल्ला एकच, आणि तो कोणत्याही साधनाला लागू आहे. पडद्यावर काहीही दाखवण्याआधी प्रत्येक मुलाकडून अंदाज घ्या. तोही तोंडी नको, वहीत लिहून किंवा आकृती काढून. तोंडी विचारले की चार मुले उत्तर देतात आणि बाकीची माना डोलावतात. वहीत एक ओळ उतरली, की मूल त्या बाजूने उभे राहते. मग पडद्यावर काय होते यात त्याचा जीव अडकतो.

तुमचा परिपथाचाच तास घेऊ. व्हिडिओ बाजूला ठेवा आणि 'फेट'ची सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर स्वतः हाताळून बघायचे आभासी प्रयोग, उघडा. कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी हा प्रकल्प सुरू केला; आदल्याच वर्षी त्यांना नोबेल मिळाले होते. सगळे मोफत आहे, खाते न उघडता चालते आणि बरीच सिम्युलेशन मराठीतही आहेत. त्यात परिपथ जोडायचा संच आहे: बॅटरी, तारा, बल्ब, स्विच, मोजायची उपकरणे, शिवाय वाहक की विसंवाहक ते तपासायला नाणे, पेन्सिल, खोडरबर असल्या वस्तू.

पडद्यावर एक बॅटरी आणि एक बल्ब जोडा. बल्ब पेटला. आता प्रोजेक्टर झाका आणि फळ्यावर प्रश्न लिहा: 'याच परिपथात, याच तारेवर, पुढे अगदी तसाच दुसरा बल्ब जोडला तर? पहिला जास्त उजळ, दुसरा जास्त उजळ, की दोन्ही सारखे? आणि आत्ता एकटा बल्ब जेवढा उजळ आहे, त्याच्या तुलनेत कसे?' दोन मिनिटे द्या. प्रत्येकाने वहीत उत्तर आणि शेजारी 'कारण' लिहायचे. मग हात वर करून मतमोजणी घ्या आणि आकडे फळ्यावर ठेवा. या क्षणी कोणाला बरोबर म्हणू नका, चेहऱ्यावरही दिसू देऊ नका. मुलांना आपला चेहरा वाचता येतो. मग वेगळी मते असलेल्या दोघांना शेजारी बसवून एकमेकांना पटवायला सांगा. हार्वर्डचे एरिक मझूर कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात नव्वदच्या दशकापासून हे करत आले आहेत. नुकताच मुद्दा कळलेला मुलगा शेजाऱ्याला तो अनेकदा आपल्यापेक्षा चांगला समजावतो, कारण स्वतः कुठे अडला होता ते त्याला ताजे आठवत असते.

एवढे झाल्यावर पडदा उघडा. दोन्ही बल्ब सारखेच उजळ, पण एकट्या बल्बपेक्षा मंद. इथे वर्गात जो गलका होतो, तो होऊ द्या. मग इलेक्ट्रॉन दाखवायची खूण सुरू करा आणि विचारा, 'पहिल्या बल्बच्या आधी आणि दुसऱ्याच्या नंतर, ठिपक्यांच्या वेगात फरक दिसतो का?' दिसत नाही. तारेच्या प्रत्येक भागात ते सारख्याच वेगाने सरकतात, आणि दुसरा बल्ब जोडला की सगळीकडे एकदमच मंदावतात. करंट मोजणारा ॲमीटर आधी लावा, मधे लावा, नंतर लावा, आकडा तोच. 'करंट वाटेत संपतो' या समजुतीला आता उत्तर द्यावे लागते. शेवटी प्रत्येकाने आपल्या वहीतल्या अंदाजाखाली लिहायचे: काय वाटले होते, काय दिसले, फरक का पडला. तासातली ही सगळ्यात महत्त्वाची पाच मिनिटे, आणि घंटा नेमकी यांच्यावरच पडते. म्हणून कडेचे घड्याळ बघून दहा मिनिटे आधीच तिथे पोचा.

एक अंदरकी बात. मुलांच्या हाती हे सिम्युलेशन दिलेत, तर पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी बॅटरीची दोन टोके नुसत्या तारेने जोडून आग लावणारच. ज्वाळा दिसतात, वर्ग टाळ्या वाजवतो. लावू द्या. मग शांतपणे विचारा, की आग का लागली आणि बल्ब मधे असताना का लागत नव्हती. शॉर्टसर्किटचा धडा फुकटात पदरात पडतो. खऱ्या सेलवर हे करायचे नाही, हेही तेव्हाच सांगून टाका.

आणि ते निळे ठिपके म्हणजे काढणाऱ्याची सोय आहे, हे सांगायला विसरू नका. इलेक्ट्रॉन एवढे मोठे नसतात, निळेही नसतात. आपल्या साध्या तारांमध्ये ते सहसा सेकंदाला एक मिलिमीटरहूनही कमी सरकतात. मग बटण दाबताच दिवा कसा लागतो? कारण तारेत ते आधीपासून सगळीकडे भरलेले असतात आणि जवळजवळ एकदमच हलू लागतात. हा प्रश्न सातवी-आठवीच्या मुलांना फार आवडतो.

खरे सेल आणि टॉर्चचे बल्ब शाळेत असतील, तर तेही जरूर वापरा. सिम्युलेशनमध्ये सैल जोडणी नसते, सेल उतरलेला नसतो. खऱ्या बल्बच्या वेळी हात गुंतून राहतो, सिम्युलेशनच्या वेळी डोके. दोन्हीची वेळ वेगळी ठेवली की झाले.

ऋतूंची भानगड थोडी वेगळी आहे. तिथे दोष मुलांचा कमी आणि चित्राचा जास्त. पाठ्यपुस्तकापासून ॲनिमेशनपर्यंत सगळीकडे पृथ्वीची कक्षा तिरकस कोनातून काढलेली असते, म्हणून ती लांबट अंड्यासारखी दिसते. ते बघून कोणताही सरळ विचार करणारा मुलगा म्हणेल, की टोकाला गेली की लांब, मधे आली की जवळ, म्हणजे थंडी आणि उन्हाळा. प्रत्यक्षात ती कक्षा जवळजवळ वर्तुळच आहे. जवळात जवळचे अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर, लांबात लांबचे सुमारे १५.२ कोटी. आणि सगळ्यात जवळ आपण जानेवारीच्या सुरुवातीला असतो, म्हणजे उत्तर गोलार्धात थंडी असताना!

म्हणून या तासाला ॲनिमेशन आणखी सुंदर शोधण्यात वेळ घालवू नका. आधी मुलांकडून कक्षा काढून घ्या, पृथ्वीच्या चार जागा आणि प्रत्येक जागी कोणता ऋतू ते लिहून. मग जानेवारीची गोष्ट सांगा आणि विचारा, 'अंतरामुळे उन्हाळा होत असेल, तर डिसेंबर-जानेवारीत ऑस्ट्रेलियात उन्हाळा आणि युरोपात थंडी, हे एकाच वेळी कसे? दोन्ही एकाच पृथ्वीवर आहेत ना?' वर्ग अडकला की मगच साधन काढा. 'स्टेलॅरियम' नावाचे मोफत आकाशदर्शक सॉफ्टवेअर आहे, एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते. त्यात जागा आणि तारीख बदलता येते. विषुववृत्तापासून बरेच दूर असलेले उत्तरेकडचे एखादे शहर निवडा. जूनच्या २१ तारखेला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून किती अंश वर आहे, उगवला किती वाजता, मावळला किती वाजता, हे मुलांनी नोंदवायचे. मग तेच डिसेंबरच्या २१ तारखेला. मग दक्षिण गोलार्धातले शहर घेऊन पुन्हा. हातात तक्ता आला, की 'सूर्य उंच आणि दिवस मोठा, तेव्हा उन्हाळा' हे मुलेच म्हणतात. त्यानंतर टॉर्च कागदावर आधी सरळ आणि मग तिरका धरा. तोच प्रकाश जास्त जागेवर पसरून फिका पडतो. एवढे झाल्यावर कललेल्या आसाचे ॲनिमेशन दाखवा, आता त्याला अर्थ येतो.

चित्रे सोयीसाठी खोटे बोलतात, हे मुलांना शिकवणे हाच मुळी एक उत्तम धडा आहे. दोन उदाहरणे देतो. एक मोठा चेंडू आणि त्याच्या साधारण पाव व्यासाचा एक लहान चेंडू द्या. मोठा पृथ्वी, लहान चंद्र. 'चंद्र किती लांब धरू?' बहुतेक मुले एक-दोन हातांवर थांबतात, कारण पुस्तकातल्या आकृतीत तो तेवढाच लांब असतो. खरे अंतर पृथ्वीचे सुमारे तीस व्यास. चेंडू वीतभर रुंद असेल, तर तीस विती मोजत चंद्र घेऊन चालत जावे लागते. ग्रहण दर महिन्याला का होत नाही, या प्रश्नाची वाट इथूनच मोकळी होते. दुसरे उदाहरण भूगोलाच्या बाईंना द्या. नकाशाकार मर्केटरने १५६९ साली केलेल्या नकाशाच्या पद्धतीत ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे चौदा पट मोठी आहे. 'द ट्रू साइझ' या साइटवर एखादा देश ओढत विषुववृत्ताकडे आणला, की तो डोळ्यांदेखत आक्रसतो. ओढायच्या आधी मुलांनी कागदावर अंदाजाने त्याचा आकार काढलेला असला पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.

गणितासाठी 'जिओजेब्रा' हे भूमितीच्या आकृत्या काढायचे सॉफ्टवेअर पुरे आहे. मार्कस होहेनवार्टर यांनी २००१ साली साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना ते सुरू केले. शाळांना मोफत आहे. त्याची खरी ताकद एकाच गोष्टीत आहे, बिंदू ओढता येतो. फळ्यावर काढलेला त्रिकोण काढला तसाच राहतो आणि मुलांना वाटते, की नियम त्या एका त्रिकोणापुरता आहे. एक पाया घ्या, वर त्याला समांतर रेषा काढा आणि तिसरा शिरोबिंदू त्या रेषेवर ठेवा. 'हा बिंदू रेषेवरून लांब उजवीकडे नेला, त्रिकोण चांगला लांबुळका झाला, तर क्षेत्रफळ वाढेल, कमी होईल की तेवढेच राहील?' लेखी अंदाज घ्या. 'वाढेल' म्हणणारे भरपूर निघतात, कारण त्रिकोण डोळ्यांना मोठा वाटतो. ओढा, आकडा जागचा हलत नाही. आता पाया आणि उंची यांचे सूत्र सांगायला किती सोपे जाते बघा. तयार फाइली हजारो मिळतात, पण पहिली फाइल स्वतः करा. दहा मिनिटांचे काम आहे.

आता तुमच्या स्लाइडविषयी थोडे कडू बोलतो. ॲनिमेशन, पार्श्वसंगीत, कोपऱ्यात हात हलवणारे कार्टून, गिरक्या घेत येणारी अक्षरे, हे सगळे काढून टाका. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी चित्र आणि शब्द एकत्र कसे शिकवतात यावर वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्यातून पुन्हा पुन्हा दिसले, की विषयाशी संबंध नसलेली गंमतशीर भर शिकणे कमी करते. स्लाइडवरचा मजकूर शब्दशः वाचून दाखवणेही बहुधा मारकच, कारण मूल एकाच वेळी वाचायला आणि ऐकायला लागते आणि चित्र बघायचे राहून जाते. भागांची नावे चित्रावर, त्या त्या भागाजवळ लिहा. खाली १, २, ३ अशी सूची देऊन डोळ्यांना वर-खाली धावायला लावू नका. व्हिडिओ हवाच असेल, तर दोन-तीन मिनिटांचा तुकडा घ्या आणि ऐन मोक्यावर थांबवा. आवाज बंद करून मुलांकडून निवेदन करून घेणे हा तर अफलातून प्रकार आहे. कोणाला काय कळले नाही, ते लगेच उघडे पडते.

शेजारच्या ज्येष्ठ सरांचे रहस्यही इथेच कुठेतरी असावे. फळ्यावर आकृती एकदम अवतरत नाही. हृदय काढायचे तर आधी चार कप्पे, मग एक झडप, मग एक वाहिनी, मग बाण. प्रत्येक रेषेबरोबर एक वाक्य, आणि मुलांचा हात वहीत त्याच गतीने चालतो. तयार स्लाइडमध्ये अख्खे हृदय तीस नावांसह एका क्षणात अंगावर येते. सरांच्या एखाद्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसा. शिक्षकाने शिक्षकाचा तास बघणे आपल्याकडे उगाच अवघड होऊन बसले आहे. आणि त्यांची पद्धत प्रोजेक्टरवर आणायची असेल, तर पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर फोन आडवा ठेवा, कॅमेरा खालच्या वहीवर रोखा आणि तेच पडद्यावर दाखवा. मागच्या बाकावरच्या मुलालाही तुमचा हात चालताना दिसतो. एखाद्या मुलाची वही ठेवून 'हिने हे वेगळ्या रीतीने सोडवले आहे, बघू' असे म्हणता येते. माझ्या मते प्रोजेक्टरचा सगळ्यात चांगला उपयोग हाच, आणि त्याला इंटरनेटही लागत नाही.

पडद्यावर काय आणायचे याची एक ढोबळ कसोटी ठेवा. डोळ्यांना दिसणार नाही इतके लहान, वर्गात मावणार नाही इतके मोठे किंवा दूर, फार वेगाने किंवा फार हळू घडणारे, किंवा ज्यात एक गोष्ट बदलून दुसरीवर काय परिणाम होतो ते बघायचे आहे, अशा गोष्टींना पडदा. पानाच्या शिरा दाखवायच्या असतील, तर पाने हातात द्या. पानाचा फोटो मोठा करून दाखवण्यात काय हशील?

क्विझच्या साधनांना माझा विरोध नाही, त्यांच्या घाईला आहे. 'काहूट'मध्ये नेहमीच्या मांडणीत लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. मग मुले वाचण्याआधीच बटण दाबतात आणि शांतपणे विचार करणारी मुलगी कायम तळाला. प्रश्नाची वेळ वाढवा, गुण बंद करता येतात तिथे बंद करा. मुलांकडे फोन नसतील, तर 'प्लिकर्स' बघा. प्रत्येक मुलाला छापलेले एक कार्ड, ते कोणत्या बाजूने धरले त्यावर अ, ब, क, ड असे उत्तर, आणि तुमच्या एकट्या फोनने वर्गावरून कॅमेरा फिरवला की सगळ्यांची उत्तरे गोळा. शेजाऱ्याचे बघून उत्तर देणे अवघड, कारण प्रत्येक कार्ड वेगळे. पण साधन कोणतेही असो, खरी मेहनत चुकीचे पर्याय लिहिण्यात आहे. तुमच्या मुलांनी दिलेले ते 'पहिल्या बल्बमध्ये करंट संपतो' हे उत्तर जसेच्या तसे पर्यायात घाला. चुकीचा पर्याय मुलांच्या तोंडचा असेल, तरच क्विझमधून तुम्हाला काही कळेल.

हीच क्विझ आठवड्याने, काहीही न सांगता, तासाच्या सुरुवातीला पुन्हा घ्या. तीन प्रश्न पुरेत. मग महिन्याने. सुरुवातीला म्हटले ते हेच: परत जाऊन विचारायची तुमची सवय पक्की झाली, तर नव्या ॲपपेक्षा जास्त काम होईल. गुण देऊ नका. मुलांना आठवावे लागले, एवढेच पुष्कळ.

किती साधने? तीन ठेवा. फेट, जिओजेब्रा आणि प्रश्न विचारण्यासाठी एक कोणतेही. लागेल तेव्हा स्टेलॅरियम. प्रत्येक नव्या साधनाच्या वेळी बटणे शिकण्यात मुलांचाही तास जातो आणि तुमचीही रात्र. शिवाय ही साधने बंदही पडतात. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲनिमेशन चालवणाऱ्या 'फ्लॅश' या सॉफ्टवेअरचा आधार संपला आणि त्यावर बनवलेली असंख्य शैक्षणिक ॲनिमेशन बंद झाली. गूगलचा जॅमबोर्ड हा डिजिटल फळा २०२४ च्या अखेरीस गुंडाळला गेला. त्यामुळे तुमचे प्रश्न, चित्रे, योजना यांची प्रत स्वतःकडे ठेवा. फेटची सिम्युलेशन उतरवून ठेवता येतात आणि 'किविक्स'मधून विकिपीडियासुद्धा इंटरनेटशिवाय वाचता येतो. नेट गेले म्हणून तास जायला नको.

चित्रांसाठी शोधयंत्रावर दिसेल ते उचलू नका. विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याची चित्रे मिळतात, खाली सहसा कर्त्याचे नाव आणि परवाना द्यायचा एवढेच. नासाची अवकाशातली छायाचित्रेही शाळेसाठी सहसा मोकळी असतात. एआयकडून आकृत्या काढून घ्यायचा मोह होईल, पण शरीररचना, परिपथ, नकाशे यांसाठी नकोच. नावे भलतीकडे, बाण तिसरीकडे, आणि सगळे इतके देखणे की चूक पटकन दिसत नाही. लाल-हिरव्या रंगावर अर्थ अवलंबून ठेवू नका, दर वर्गात एखाद्या मुलाला तो फरक दिसत नसण्याची शक्यता असते; रेषा जाड-तुटक करा किंवा अक्षरे लिहा. आणि मुलांची नावे, जन्मतारखा, फोटो घालून कुठेही खाती उघडू नका. बऱ्याच साइटची अट तेरा वर्षे पूर्ण असण्याची असते, आणि तुमचा सहावीचा वर्ग त्यात बसत नाही. खात्याशिवाय चालणारे साधन आधी निवडा, नाहीतर पालकांची लेखी संमती घ्या.

राहिले मुख्याध्यापक. 'काही मुले बघून शिकतात, काही ऐकून' ही समजूत जगभर पसरलेली आहे. २००८ साली मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने ते जास्त शिकते याला पुरेसा आधार मिळाला नाही. परिपथाला आकृती सगळ्यांनाच लागते आणि कविता सगळ्यांनीच ऐकावी लागते. पण हे त्यांना सभेत सांगायला जाऊ नका. शाळेने प्रोजेक्टर आणला आहे, तो धूळ खाऊ नये ही त्यांची काळजी रास्त आहे. त्यांच्यासमोर दोन वह्या ठेवा: एकाच मुलाने तासाआधी लिहिलेला अंदाज आणि आठवड्यानंतर न बघता काढलेली आकृती. मग मागणी करा, की रोज प्रत्येक तासाला काहीतरी दाखवण्याऐवजी प्रत्येक घटकाला एक तास असा घेते आणि त्याच्या वह्या दर महिन्याला तुम्हाला दाखवते. दाखवायला हाती काही असले, की 'रोज' हा आग्रह बराच सैल होतो. इतर विषयांचे शिक्षक तयार असतील, तर प्रत्येकाने महिन्याला असा एकच तास तयार करून सगळ्यांत वाटावा, म्हणजे रात्री जागणे संपेल.

पुढच्या घटक चाचणीपासून एक बदल मात्र लगेच करा. 'खालील आकृतीला नावे द्या' हा प्रश्न काढून टाका आणि कोरी जागा द्या: 'दोन बल्ब एकसर जोडणीत (एकाच तारेवर एकापुढे एक) काढा, करंट तीन ठिकाणी मोजला तर आकडे कसे येतील ते लिहा, आणि कारण एका वाक्यात सांगा.' तपासायला वेळ जास्त लागेल, तेव्हा चाचणीत असा प्रश्न एकच ठेवा.